बेताच्या बजेटमध्ये पहिली रायफल: अर्धस्वयंचलित घ्यावी की दुसरे काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या एका अभियंत्यांना स्वतःची पहिली रायफल घ्यायची आहे. त्यांचे मामा टेक्सासमध्ये राहतात आणि मामांकडे असलेल्या .22 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, येथे इंचात) अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलीचे व्हिडिओ पाहून तशीच रायफल आपणही घ्यावी असे त्यांच्या मनात आले आहे. हाताशी साधारण एक लाख रुपये आहेत. पुढे नेमबाजीच्या स्पर्धांत उतरायचे आहे, आणि जमल्यास मोहोळजवळच्या शेतात रात्री शिरणाऱ्या रानडुकरांचा बंदोबस्तही त्याच रायफलीने करता यावा, अशी अपेक्षा आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. तुम्ही अर्धस्वयंचलित रायफलीचा विचार सोडून द्यावा, 10 मीटर अंतराच्या नेमबाजी प्रकारासाठी बनवलेली 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 बोअरची एअर रायफल घ्यावी, आणि एक लाखातली सगळी रक्कम रायफलीवर घालू नये. शेताचा प्रश्न या खरेदीतून पूर्णपणे वेगळा काढावा.

कायद्याची बाजू लवकर आटोपण्याजोगी आहे, पण तिला वळसा घालता येत नाही. 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम यांनी शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत, आणि अर्धस्वयंचलित रायफली सामान्यतः त्या वर्गात येतात ज्याचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही, तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. हौस किंवा सराव हे कारण तेथे टिकत नाही. एका वेळी एकच काडतूस चालवणारी .22 ची बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर शॉटला हाताने दांडा ओढून भरायची, रायफल परवान्यावर मिळू शकते. त्यासाठी सोलापूर शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो; पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. एअर रायफलीचे मात्र वेगळे आहे. बोअर 4.5 मिलिमीटरपेक्षा अधिक नसेल आणि नळीच्या तोंडाशी मिळणारी ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा अधिक नसेल, तर परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन विक्रेत्याने नोंद ठेवायची असते. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलवर चालते, म्हणजे ती या मर्यादेच्या बरीच आत आहे. .22 बोअरची ‘जास्त ताकदीची’ एअरगन विनापरवाना देतो असे कोणी सांगितले, तर त्या दुकानातून बाहेर पडावे.

मामांची रायफल भारतात आणण्याचा विषय तुम्ही स्पष्ट विचारलेला नाही, पण तो मनात असल्याचे प्रश्नावरून जाणवते. ती येथे आणता येणार नाही. तुम्ही स्वतः तिकडे गेलात तरी पर्यटक व्हिसावरील परदेशी नागरिकाने बंदूक बाळगण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत आणि वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद त्यात आहेत, तेव्हा ‘मामांच्या अंगणात दोन डबे फोडू’ असा बेतही आधी नीट चौकशी करूनच आखावा.

आता मामांकडे जी रायफल चांगली ठरते, ती तुमच्यासाठी का नाही, हे यंत्राच्या अंगाने पाहू. कारण केवळ ‘कायदा आडवा येतो’ एवढ्याने मन वळत नाही, असा माझा अनुभव आहे. .22 लाँग रायफल काडतुसाच्या अर्धस्वयंचलित बंदुकीत स्फोटाचा दाब काडतुसाच्या रिकाम्या कवचाच्या बुडावर येतो, तो बोल्टला (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाला) मागे ढकलतो, कवच बाहेर फेकले जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येता येता मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, बसवते. तुम्ही ट्रिगर सोडून पुन्हा दाबला की पुढचा शॉट. रुगर 10/22 ही 1964 पासून बाजारात असलेली रायफल याच पद्धतीची आहे. तिच्या फिरत्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात, धक्का नगण्य असतो, काडतूस स्वस्त असते, आणि म्हणूनच अमेरिकेत ती असंख्य लोकांची पहिली रायफल ठरली. तिकडच्या परिस्थितीत ती निवड अगदी रास्त आहे. मात्र तिचा मुख्य गुण म्हणजे दुसरा शॉट लवकर मिळणे, आणि तुम्हाला ज्या खेळात उतरायचे आहे, तेथे या गुणाला काडीची किंमत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 10 मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत 60 शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर त्यासाठी 75 मिनिटे मिळतात. प्रत्येक शॉटला सव्वा मिनिट झाले. 50 मीटर थ्री पोझिशनमध्येही गुडघ्यावर, पालथे आणि उभे असे वीस-वीस शॉट दीड तासात मारायचे असतात. दोन्ही प्रकारांत प्रत्येक शॉटसाठी हाताने एकच गोळी भरावी लागते. अर्धस्वयंचलित रायफलीला रेंजवर या प्रकारांसाठी उभेच राहता येत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले ते अशाच एकेक काडतुसाच्या रायफलीवर, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला पालथ्या स्थितीच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या त्याही तशाच रायफलीवर. अर्धस्वयंचलित यंत्रणा ऑलिम्पिक नेमबाजीत लागते ती पिस्तुलात, विशेषतः 25 मीटर रॅपिड फायरमध्ये, जेथे पाच लक्ष्यांवर पाच शॉट आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायचे असतात. तो वेगळा खेळ आहे, आणि नवख्याने सुरुवात करण्याचा तर मुळीच नाही.

शिकण्याच्या दृष्टीनेही हेच खरे आहे. एकेक गोळी भरणाऱ्या माणसाला प्रत्येक शॉटनंतर रायफल खांद्यावरून उतरवावी लागते, श्वास पूर्ववत करावा लागतो, पवित्रा पुन्हा बांधावा लागतो. आणि नेमबाजीत शिकायचे असते ते नेमके हे पुन्हा पुन्हा बांधणे. मॅगझिनमध्ये नऊ गोळ्या शिल्लक असल्या की पहिला शॉट बिघडला तरी बोट आपोआप दुसऱ्यासाठी वळते, आणि बिघाड पवित्र्यात होता की ट्रिगरवर, याचा शोध घेण्याआधीच पुरावा पुसला जातो.

रानडुकरांविषयी दोन वाक्ये लिहितो आणि तो विषय बाजूला ठेवतो. साडेसात ज्यूलचा छर्रा रानडुकराला मारत नाही, जखमी करतो. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणे हा गुन्हा आहेच. पीकसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मागण्याचा स्वतंत्र मार्ग कायद्यात आहे, पण तो प्रामुख्याने गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आहे. त्याची सांगड स्पर्धेच्या रायफलीशी घालू नये. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की मोहोळ आणि उत्तर सोलापूरचा माळ हा माळढोक अभयारण्याचा परिसर आहे. नान्नजच्या आसपास हाती एअरगन घेऊन फिरणाऱ्या माणसाचा खुलासा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तेथील वनरक्षक नसतात, आणि ते योग्यच आहे.

आता खऱ्या निवडीकडे येऊ. एअर रायफलीत हवा दाबण्याच्या तीन पद्धती तुम्हाला बाजारात भेटतील, आणि तुमचे पैसे कोठे जावेत हे या पद्धतीवर सर्वाधिक अवलंबून आहे.

पहिली स्प्रिंगची. नळी मोडून किंवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग आवळली जाते, ट्रिगर दाबला की पिस्टन वेगाने पुढे जाऊन समोरची हवा दाबतो. भारतीय बनावटीच्या बहुतेक रायफली अशा आहेत आणि दहा ते वीस हजारांत बऱ्या मिळतात. अडचण अशी की छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टनची हालचाल रायफलीला आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते. त्यामुळे रायफल हातात किती घट्ट किंवा सैल धरली, डावा हात कोठे टेकवला, यानुसार नेम सरकतो. अनुभवी माणूस तिच्यावरही सुंदर ग्रुप, म्हणजे जवळजवळ बसलेल्या शॉटचा पुंजका, काढतो, परंतु नवख्याला चूक आपली की रायफलीची हे कळत नाही, आणि पहिल्या वर्षात हे न कळणे फार महागात पडते. अपवाद आहे तो जुन्या, झटका शोषून घेणाऱ्या जर्मन मॅच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या, रायफलींचा. फाइनवेर्कबाउ 300 एस ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिची ॲक्शन, म्हणजे नळी आणि पिस्टनचा भाग, शॉटच्या वेळी रुळावर सरकते आणि झटका खांद्यापर्यंत येऊ देत नाही. पिस्टनला धातूची रिंग असल्याने ती वर्षानुवर्षे टिकते. त्याच काळातल्या डायना 75 मध्ये प्लास्टिकची सील असते आणि ती काळाने भुसभुशीत होते, हे जुनी रायफल पाहताना ध्यानात ठेवावे.

दुसरी पद्धत एकाच झटक्यात हवा भरण्याची. बाजूचा लांब दांडा एकदा फिरवला की त्या शॉटपुरती हवा कप्प्यात दाबली जाते. फाइनवेर्कबाउ 600 ची मालिका आणि अनशुट्झ 2002 चे जुने रूप या जातीचे आहे. धक्का जवळपास नाही, बाहेरून हवा आणायची गरज नाही, सिलिंडरच्या मुदतीची कटकट नाही. दर शॉटला दांडा फिरवण्याचे श्रम मात्र आहेत. साठ शॉटनंतर दंड भरून येतो आणि लहान मुलांना तर तो झेपतच नाही. तुमच्या वयाच्या, दिवसभर कारखान्यात उभे राहणाऱ्या माणसाला तो झेपेल. सोलापुरासारख्या, स्पर्धेच्या रायफलीत हवा भरून देणारी सोय पुणे-मुंबईइतकी सहज नसलेल्या शहरात या जातीची चांगली रायफल हाती लागली, तर ती मी निःशंक घ्यायला सांगेन.

तिसरी पद्धत आज सर्वत्र चालते: आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरची, जिला सगळे पीसीपी म्हणतात. वाल्टर एलजी 400, फाइनवेर्कबाउ 700 आणि 800, स्टायर, अनशुट्झ, पार्डिनी या सगळ्या पीसीपी आहेत. सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते, रेग्युलेटर प्रत्येक शॉटला तितकीच हवा देतो, आणि एका भरणीत दोनशेच्या आसपास किंवा अधिक शॉट निघतात. नवी आयात रायफल सुट्या भागांसह दोन ते साडेतीन लाखांच्या घरात जाते, म्हणजे तुमच्या बजेटच्या बाहेर. वापरलेली जुनी मॉडेले लाखाच्या अलीकडे-पलीकडे मिळतात. भारतीय बनावटीच्या पीसीपी रायफलीही आता येतात. त्यांची नळी आणि झडप समाधानकारक असते, पण स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), ट्रिगर आणि मागची साइट (नेम धरण्याचे साधन) मॅच रायफलीच्या तोडीची आहे का, हे प्रत्येक मॉडेल हातात घेऊनच ठरवावे लागते. हे भाव व्यवहारात दिसणारे अंदाज आहेत आणि आयातशुल्क, विनिमयदर यांनुसार ते हलतात.

तेव्हा तुमच्यापुढे खरी निवड वापरलेली मॅच रायफल हीच उरते, आणि ती तपासून घेणे हे या उत्तरातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

आधी सिलिंडर पाहा. त्यावर निर्मितीची किंवा चाचणीची तारीख ठोकलेली असते आणि उत्पादकांनी वापराची मुदत ठरवलेली असते. बहुतेकांची दहा वर्षांची, काही नव्यांची वीस. मुदत संपलेला सिलिंडर ‘अजून उत्तम चालतो’ असे विकणारा म्हणेल. चालतही असेल, पण 200 बारचे भांडे गालापासून वीतभर अंतरावर धरायचे असते, तेव्हा त्या वाक्यावर विसंबू नये. नव्या सिलिंडरची किंमत रायफलीच्या भावातून वजा करावी किंवा व्यवहार सोडावा. सिलिंडरवर खोल ओरखडा किंवा ठोकर दिसली, तर तारीख कितीही नवी असली तरी तो नको. पुढे, हवा भरण्याचा ॲडाप्टर सोबत आहे का ते विचारा. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे असतात आणि ॲडाप्टर नसलेली रायफल घरी आणून महिना-महिना भिंतीला टेकवून ठेवलेले लोक मी पाहिले आहेत. सिलिंडर भरून, दाबाचा आकडा लिहून, रायफल रात्रभर तशीच ठेवायला सांगा. सकाळी काटा उतरलेला असेल तर कोठेतरी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली आहे. ओ-रिंग स्वतः स्वस्त असते, पण ती बदलणारा जाणता हात शोधणे सोपे नाही.

यानंतर नळी आणि ग्रुप. रायफल टेकवून, 10 मीटरवर, एकाच डब्यातील चांगल्या मॅच पेलेटचे (छर्र्यांचे) पाच-पाच शॉटचे ग्रुप काढा. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा असतो, त्यामुळे भोकांची बाहेरील कड ते बाहेरील कड सात-आठ मिलिमीटरमध्ये बसली तर नळी उत्तम आहे असे धरावे. ग्रुप पसरला तर लगेच रायफलीला दोष देऊ नका, हेडचे, म्हणजे छर्र्याच्या डोक्याचे, 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर असे वेगळे माप असलेला पेलेट लावून पाहा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. कारखान्यातून आलेले मूळ चाचणीकार्ड विकणाऱ्याने जपून ठेवले असेल, तर रायफल कशी वापरली गेली याचा अंदाज तेवढ्यावरूनही येतो.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा, पहिला टप्पा सुरळीत जाऊन दुसऱ्याशी स्पष्ट थांबावा, आणि सुटताना ओढल्यासारखे वाटू नये. मॅच ट्रिगर साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास लावलेले असतात. सुरुवातीला मी ते थोडे जडच ठेवायला सांगतो. मागच्या पीप साइटचे (बारीक भोकातून पाहून नेम धरण्याच्या साधनाचे) दोन्ही स्क्रू सर्व बाजूंनी फिरवून प्रत्येक क्लिक बोटाला जाणवते का आणि तितकाच नेम सरकतो का, हे कागदावर पाहा. पंधरा क्लिक उजवीकडे आणि पंधरा परत डावीकडे केल्यावर ग्रुप मूळ जागी आला नाही, तर साइट झिजली आहे. नव्या पीप साइटची किंमत विचारल्यावर हे तपासण्याचे महत्त्व आपोआप पटते.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशीच्या वर राहतो आणि उभ्या केलेल्या मोटारीत तो त्याहून कितीतरी वर जातो. 27 अंशांना 200 बारवर भरलेला सिलिंडर 57 अंशांना पोहोचला की दाब साधारण 220 बार होतो. म्हणून सिलिंडर गाडीत सोडू नये, उन्हाळ्यात काठोकाठ भरू नये, आणि दीर्घकाळ वापर नसेल तर थोडा दाब शिल्लक ठेवून सावलीत ठेवावा. हवा कोरडी हवी. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात पंपाचा ओलावा काढण्याची सोय असलीच पाहिजे. आणि तुम्ही औद्योगिक वसाहतीत काम करता म्हणून बजावून सांगतो: वेल्डिंगच्या बाटल्यांतला ऑक्सिजन एअर रायफलीत कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचे किंचित तेल एकत्र आले की स्फोट होतो. साध्या हवेवरसुद्धा आत खनिज तेल घालायचे नसते. फक्त उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन वंगण, तेही थेंबभर.

यंत्र उत्तम असूनही रायफल तुम्हाला बेतत नसेल, तर ती तुमची नव्हे. कंपनीचे नाव सर्वांत आधी विचारणारे लोक ही गोष्ट सर्वांत शेवटी पाहतात. आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते ठरवा: दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहान फट ठेवा, दूरची एक वस्तू दोन्ही डोळ्यांनी तीतून पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू जागीच दिसते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर प्रशिक्षकाशी बोलल्याशिवाय रायफल घेऊ नये, कारण स्टॉक आणि गालपट्टी एका बाजूची असते. मग उभ्या पवित्र्यात रायफल धरून डोळे मिटा, मान सैल सोडा आणि डोळे उघडा. डोळा पीप साइटच्या मध्यावर आपसूक आला पाहिजे. मान पुढे ताणावी लागत असेल किंवा गाल दाबून खाली न्यावा लागत असेल, तर बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), गालपट्टी आणि साइटची उंची यांना तेवढा वाव आहे का ते पाहावे. ॲल्युमिनियम स्टॉकमध्ये हा वाव भरपूर असतो, जुन्या लाकडी स्टॉकमध्ये कमी. मात्र तुमची उंची मध्यम असेल आणि लाकडी स्टॉक बेतत असेल, तर ॲल्युमिनियमच्या चमकीपायी वीस-तीस हजार अधिक मोजण्याचे कारण नाही. नियमात 5.5 किलोपर्यंत वजन चालते. पहिल्या वर्षी साडेचार किलोच्या आसपासची रायफल पाठीला मानवते.

आता लाखाची वाटणी. माझ्या मते रायफलीवर 65 ते 70 हजारांपेक्षा अधिक जाऊ देऊ नये, आणि या रकमेत फाइनवेर्कबाउ 300 एस किंवा 600 च्या तोडीची, किंवा मुदतीत असलेल्या सिलिंडरची जुनी पीसीपी, धीर धरला तर मिळते. उरलेले पैसे लागतातच. एका सरावात शंभर शॉट मारले तर पाचशे पेलेटचा डबा पाच सरावांत संपतो. आठवड्याला तीन सराव धरले तर महिन्याला दोन-अडीच डबे. सरावाला मध्यम प्रतीचा पेलेट आणि ग्रुप तपासायला व स्पर्धेला मॅच पेलेट, अशी विभागणी करावी. नेमबाजीचे जाड जॅकेट, हातमोजा आणि पुढे पँट व बूट हा दुसरा खर्च. वापरलेले जॅकेट चालते, पण ते दुसऱ्याच्या अंगावर बसलेले असते. आपल्या गावात गणवेश शिवणारे कुशल कारागीर गल्लोगल्ली आहेत, तेव्हा जुने जॅकेट आपल्या मापाला आणून घेणे येथे जितक्या स्वस्तात होते तितके क्वचितच कोठे होत असेल. एवढेच सांभाळावे की कापडाची जाडी एका थरात 2.5 मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे आणि कडक अस्तर घालण्याचा मोह टाळला पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत जॅकेट बाद होते. दुर्बीण, म्हणजे टेलिस्कोप, घेऊ नका. आपल्या 10 मीटर प्रकारांत ती चालत नाही आणि नवख्याला ती स्वतःच्या हाताची थरथर मोठी करून दाखवून घाबरवते, एवढाच तिचा उपयोग.

राज्यातील स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरण्याची) आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. काही प्रशिक्षक नवख्यांना आधी ओपन साइटवर घालतात. लहान मुलांच्या बाबतीत, जेथे पालकांना खर्चाचा अंदाज घ्यायचा असतो, तेथे ते ठीक आहे. तुम्ही प्रौढ आहात आणि स्पर्धेचा इरादा पक्का आहे, तेव्हा थेट पीप साइटवर यावे. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांची वाट, जिल्ह्यापासून राज्य आणि मावळंकर या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत, पुढे पीप साइटवरच खरी चालते.

घरी सराव करायचा असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत 10 मीटर मोकळे मिळणे अवघड असते. पाच-सहा मीटरवर त्याच प्रमाणात लहान केलेले लक्ष्य लावले तरी पवित्रा आणि ट्रिगर यांचा सराव चांगला होतो. लक्ष्यामागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे पक्की भिंत, बाजूने कोणी येऊ शकणार नाही असे बंद दार, आणि सरावानंतर साबणाने हात धुणे, कारण छर्रे शिशाचे असतात. गच्चीवर सराव नको, शेजारच्या गच्चीवर माणसे असतात. साडेसात ज्यूलचा छर्रा डोळा घालवायला पुरेसा आहे.

रायफल घेऊन पुण्याला बालेवाडीला किंवा मुंबईला स्पर्धेसाठी जाताना ती रिकामी, बंद पेटीत, खरेदीची पावती आणि क्लबचे सदस्यपत्र यांच्यासह न्यावी. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघतात. परवाना लागत नाही म्हणून उघड्या खांद्यावर रायफल टाकून दुचाकीवरून रेंजला जाण्याचा प्रकार त्या काळात विशेषच अंगाशी येतो.

शेवटी खरेदीच्या वेळेविषयी. आजच घेऊ नका. आधी क्लबच्या रायफलीवर दोन-तीन महिने शिका, तेथील दोन-चार वेगवेगळ्या रायफली धरून पाहा, आणि तुमच्या खांद्याला, मानेला काय बेतते याचे माप प्रशिक्षकाकडून लिहून घ्या. मग विक्रीला निघालेली रायफल पाहायला त्यांनाच सोबत न्या. घेतलेली रायफल मूळ पेटी, चाचणीकार्ड, ॲडाप्टर, सुटे स्क्रू आणि पावतीसह नीट ठेवा. चांगल्या मॅच रायफलीची किंमत हळू उतरते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी परवाना काढून 50 मीटरकडे वळावेसे वाटले किंवा नव्या पीसीपीपर्यंत बजेट पोहोचले, तर या जुन्या रायफलीत घातलेल्या पैशांपैकी मोठा भाग परत मिळतो.